स्पॉन्सरच्या नावाखाली घेतलेले पैसे आणि ठेवून घेतलेला पासपोर्ट परत करण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
परदेशी नोकरी व व्हिसा सल्ला कार्यालय,
पुणे

विषय: ऑस्ट्रेलियात स्पॉन्सर मिळवून देतो असे सांगून घेतलेले १,७५,००० रुपये, पासपोर्ट व मूळ प्रमाणपत्रे परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी वेल्डर आहे. औंधच्या आयटीआयमधून ट्रेड केला आणि तेव्हापासून भोसरी एमआयडीसीत स्टेनलेस स्टीलच्या टाक्या व पाइपिंगचे आर्गन वेल्डिंग करतो. ऑस्ट्रेलियातला मालक आम्ही शोधू, तो तुम्हाला स्पॉन्सर करेल आणि त्यावर वर्क व्हिसा होईल, असे आपल्या कार्यालयात मला सांगण्यात आले. त्यासाठी आधी २५,००० रुपये नोंदणी फी घेतली. नंतर ‘स्पॉन्सर कन्फर्म आहे, उशीर केला तर जागा दुसऱ्याला जाईल’ असे सांगून आणखी १,५०,००० रुपये मागितले. ते मी पतपेढीचे कर्ज काढून भरले. पहिल्या रकमेची जीएसटीची पावती आहे. दुसरी रक्कम आपल्या कर्मचाऱ्याच्या खासगी खात्यावर यूपीआयने दोन हप्त्यांत घेतली आणि तिची साधी हातपावती दिली. तिच्यावर ‘स्पॉन्सरशिप चार्जेस’ असे लिहिले आहे.

याच दोन शब्दांवर माझा पहिला आक्षेप आहे. स्पॉन्सरशिप ही विकत घेण्याची वस्तू नाही. ऑस्ट्रेलियात व्हिसा स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे मागणे, घेणे किंवा देणे डिसेंबर २०१५ पासून बेकायदा आहे आणि त्यापायी कामगाराचा व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो. सल्ला देण्याची, अर्ज भरून देण्याची फी वेगळी. ती द्यायला माझी कधीच ना नव्हती. पण आपण माझ्या नावाने फाडलेली ही पावती उद्या माझ्याच विरोधात पुरावा ठरू शकते, याचा विचार आपल्या कार्यालयात कोणी केला होता का?

स्पॉन्सरचा खर्च तिथल्या मालकाने करायचा असतो. त्याला आधी सरकारकडून मान्यताप्राप्त स्पॉन्सर व्हावे लागते, त्याची फी ४२० डॉलर. मग त्या जागेची जाहिरात तिथे किमान चार आठवडे द्यावी लागते आणि त्यानंतर माझ्या नावाचे नॉमिनेशन, म्हणजे या जागेवर मला घेण्याचा अर्ज, भरावे लागते, त्याची फी ३३० डॉलर. शिवाय कौशल्य प्रशिक्षण निधीची लेव्ही, म्हणजे सरकारी आकारणी, असते: लहान धंद्याला व्हिसाच्या दर वर्षामागे १,२०० डॉलर, मोठ्याला १,८००. ही लेव्ही कामगाराच्या माथी मारता येत नाही. माझ्याकडून घेतलेले दीड लाख यापैकी कशाला लागले, हे मला लेखी हवे आहे. तोंडी विचारले तेव्हा ‘तिकडे प्रोसेसिंगला गेले’ यापलीकडे काही सांगितले गेले नाही.

आता ऑफर लेटरबद्दल. व्हॉट्सॲपवर जो कागद मला पाठवला, त्यात वर्षाचा पगार ५२,००० डॉलर लिहिला आहे. माझ्यासारख्या कारागिराला जो ४८२ क्रमांकाचा ‘स्किल्स इन डिमांड’ व्हिसा लागतो, त्यासाठी १ जुलै २०२५ पासून किमान पगार ७६,५१५ डॉलर आहे. त्याच्या खाली नॉमिनेशन मंजूरच होत नाही. म्हणजे पत्र खरे धरले, तरी त्यावर व्हिसा होणे शक्य नव्हते. त्याच पत्रात कंपनीचा एबीएन, म्हणजे तिथला धंद्याचा सरकारी नोंदणी क्रमांक, म्हणून एक नंबर आहे. एबीएन अकरा अंकी असतो. पत्रातला दहा अंकी निघाला. मी हे दाखवल्यावर ‘टायपिंग मिस्टेक’ म्हणून दुसरा नंबर पाठवला गेला. तो ऑस्ट्रेलियन सरकारच्या साइटवर टाकला, तर नोंदणी रद्द झालेली दिसते. ही साइट सर्वांना फुकट खुली आहे, तपासायला पाच मिनिटे लागतात. इतके पैसे घेणाऱ्या कार्यालयाने ती पाच मिनिटे काढायला हवी होती.

मला सगळ्यात जास्त लागले ते माझ्या कामाबद्दल. आपण मालकांना पाठवण्यासाठी बनवलेला बायोडेटा मी मागून घेतला आणि वाचला. त्यात मी ‘पाइपलाइन लीकेज दुरुस्ती व नळजोडणी’ करतो असे लिहिले आहे. हा कुठल्या तरी प्लंबरचा बायोडेटा आहे, वर फक्त माझे नाव चिकटवले आहे. मी पाइप वेल्डिंगची ६जी पोझिशनची टेस्ट पास आहे. त्यात पाइप ४५ अंशांत तिरका, जागेवर पक्का बांधलेला असतो. तो फिरवायचा नाही, वेल्डरने त्याच्याभोवती फिरून, कधी खाली वाकून, कधी मान वर करून जॉइंट पूर्ण करायचा. आत रूट पास, म्हणजे जॉइंटचा पहिला थर, नीट बसला नाही, तर एक्स-रेमध्ये लगेच दिसते. त्या टेस्टचे सर्टिफिकेट आणि एक्स-रेचा रिपोर्ट मी पहिल्याच भेटीत दिला होता. परदेशातला कुठलाही फॅब्रिकेशनवाला वेल्डर घेताना हेच कागद आधी बघतो. ते जोडायला सांगितले, तेव्हा आपल्या काउन्सेलर मॅडमनी ‘६जी म्हणजे मोबाइलचं का?’ असे विचारले. त्यांना वेल्डिंग यावे अशी माझी अपेक्षा नाही. पण ज्यांना आमचे काम काय आहे हे समजून घ्यायचे नाही, त्यांनी आमच्यासाठी मालक शोधतो असे सांगून पैसे घेऊ नयेत. माझ्या ट्रेडची कौशल्य तपासणी ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया या तिथल्या सरकारी संस्थेमार्फत होते, हेही आपल्याकडून एकदाही कळले नाही.

‘आम्ही फक्त सल्लागार आहोत, रिक्रूटिंग एजंट नाही,’ असे उत्तर आपण ईमेलवर दिले आहे. मग करारात ‘एम्प्लॉयर मिळवून देणे’ हे पहिलेच कलम का आहे? परदेशातल्या मालकासाठी इथून माणसे भरायची असतील, तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे आणि त्यात आपले नाव नाही. नोंदणी असलेल्या एजंटलासुद्धा कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात. आपण एजंट असाल तर विनापरवाना काम करून जवळजवळ पाचपट पैसे घेतले आहेत, आणि सल्लागार असाल तर जे काम आपले नाही त्याचे घेतले आहेत.

पासपोर्ट ठेवून घ्यायचे तर काहीच कारण उरत नाही. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा ऑनलाइन असतो, तो पासपोर्टवर चिकटवला जात नाही. अर्जाला स्कॅन पुरते. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, कोणत्याही खासगी कार्यालयाला तो अडकवून ठेवता येत नाही. आपल्या कपाटात माझ्यासारख्या आणखी मुलांचे पासपोर्ट रबरबँड लावून ठेवलेले मी पाहिले आहेत. चाकणचा एक फिटर तिथेच भेटला, त्याच्या वडिलांनी यासाठी जमिनीचा तुकडा गहाण टाकला आहे. त्यांचेही पासपोर्ट परत करावेत, ही विनंती मी मनापासून करतो.

माझी मागणी अशी आहे. पासपोर्ट, आयटीआयचे मूळ प्रमाणपत्र आणि ६जीचे सर्टिफिकेट हे पत्र मिळताच परत करावे. पूर्ण १,७५,००० रुपये पंधरा दिवसांत माझ्या बँक खात्यात जमा करावेत. रोख किंवा पुढच्या तारखेचा चेक मी घेणार नाही. आणि माझा बायोडेटा खरोखर कोणत्या मालकांना, कोणत्या तारखेला पाठवला, याची ईमेलच्या प्रतींसह माहिती द्यावी. एकालाही पाठवला नसेल, तर तसे लिहून द्यावे.

हे न झाल्यास मी परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या तक्रारी बघणाऱ्या मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स कार्यालयात आणि पोलिसांत तक्रार देईन, तसेच ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे पुणे जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल करेन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, त्यामुळे खर्चाला घाबरून मी थांबेन असे समजू नये.

कागद घ्यायला मी भावाला घेऊन येईन. पासपोर्ट देताना ‘माझी काही तक्रार नाही’ अशा मजकुरावर सही मागू नये, ती मी करणार नाही.

आपला ग्राहक,
एक वेल्डर, भोसरी, पुणे

सोबत: दोन्ही पावत्यांच्या झेरॉक्स, यूपीआयचे तपशील, कराराची प्रत, ऑफर लेटर, आपण बनवलेला बायोडेटा.