बासष्टाची चाळीस घरं

हॅम्बर्ग, न्यूयॉर्क
९ फेब्रुवारी

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बर्फ लोटायच्या माझ्या धंद्यातली घरं मी या हिवाळ्यात बासष्टाची चाळीस केली, त्यावर रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "वाढलेला धंदा कोणी आपल्या हाताने कमी करतं का?" आणि तेवढ्यात लाइन गेली. खरं सांगायचं तर लाइन गेली नव्हती, मीच "हॅलो, हॅलो" करत फोन ठेवला. उत्तर दोन वाक्यांत बसणारं नव्हतं आणि ताई मधे मधे बोलत होती. म्हणून हे पत्र. चार दिवस बर्फ नाही, सरोवर बरंचसं गोठलंय, त्यामुळे सवड आहे.

आधी सरोवराचं सांगतो, कारण माझं सगळं गणित तिथून सुरू होतं. आमच्या पश्चिमेला एरी सरोवर. जवळजवळ ३९० किलोमीटर लांब, पण उथळ. हिवाळा तोंडावर आला की त्याच्यावरून नैऋत्येचा किंवा पश्चिमेचा गार वारा लांबीच्या लांबी धावत येतो. पाणी अजून कोमट, हवा शून्याच्या खाली. वारा पाण्यावरून वाफ उचलत येतो आणि किनारा लागला की सगळं ओझं टाकून देतो. त्या किनाऱ्यावर बफेलो शहर आहे आणि त्याच्या दक्षिणेला आमचं हॅम्बर्ग (जर्मनीतलं नव्हे. पोस्टात दरवेळी सांगावं लागतं). गंमत म्हणजे हा बर्फ सरसकट पडत नाही, पट्ट्यात पडतो. पट्ट्याच्या आत गाडीचं बोनेट दिसत नाही, आणि पंधरा मिनिटं उत्तरेला गेलं की ऊन. नोव्हेंबर २०२२ मध्ये आमच्या शेजारच्या ऑर्चर्ड पार्कला चार-पाच दिवसांत ८० इंच पडला, साडेसहा फुटांच्या वर. विजा कडाडत होत्या आणि खाली बर्फ पडत होता. शहराच्या उत्तरेकडच्या उपनगरांत त्या मानाने फारच कमी.

म्हणजे हवामान खात्याने "बफेलोला बर्फ" म्हटलं तरी माझ्या घरांना किती, ते पट्टा कुठे बसतो त्यावर. वारा जरा कलला की पट्टा सरकतो. मी रात्री दीड वाजता उठून रस्त्यावरच्या दिव्याखाली बघतो आणि अंगणातल्या फळीवर पट्टी उभी करून मोजतो. तीन इंच झाले की निघायचं, असं करारात लिहिलेलं आहे.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येतो.

पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडे २० घरं होती. दुसऱ्यात ३५. गेल्या हिवाळ्यात ६२. कोणी शेजाऱ्याला सांगितलं, शेजाऱ्याने मेव्हण्याला, आणि मी कोणालाही नाही म्हटलं नाही. एका ड्राइव्हवेला (गराजपासून रस्त्यापर्यंतची घराची वाट), घरांमधल्या प्रवासाचा वेळ धरून, सरासरी सात मिनिटं लागतात. बासष्ट सत्ते चारशे चौतीस मिनिटं, म्हणजे सव्वासात तास. साध्या रात्री, तीन-चार इंच पडून थांबलेल्या, हे जमतं. साडेबाराला निघालं तर पावणेआठला शेवटचं घर उरकतं. गेल्या वर्षी डिसेंबरभर असंच जमलं आणि मला वाटलं की आपल्याला धंदा कळला.

पण पट्टा डोक्यावर येऊन बसला की तासाला दोन इंच सहज पडतो. म्हणजे मी शेवटच्या घरी पोचतो तोवर पहिल्या घरी पुन्हा चौदा इंच साचलेला. ज्या बाईंचा ड्राइव्हवे मी रात्री एक वाजता आरशासारखा करून ठेवला, त्या सकाळी आठला दार उघडतात तेव्हा मी आलोच नव्हतो असं दिसतं! त्यात त्यांची चूक काय? त्यांनी बर्फ उचलायचे पैसे दिलेले नाहीत, सकाळी गाडी बाहेर निघावी म्हणून दिलेत.

आणि चौदा इंच म्हणजे काय ते कागदावर कळत नाही. चाळीस फूट लांब, अठरा फूट रुंद ड्राइव्हवेवर एक फूट बर्फ असेल तर तो सरोवराचा हलका, भुसभुशीत बर्फ असला तरी दोन टनांच्या आसपास भरतो. ओला असला तर त्याच्या तिप्पट. माझा ट्रक पाऊण-टनी पिकअप. पुढे आठ फुटी पातं, मागे वजनाला वाळूची पोती, नाहीतर मागची चाकं जागच्या जागी फिरतात. या पात्याला इथे प्लाऊ म्हणतात. प्लाऊचा अर्थ नांगर, पण बाबा, हा जमिनीत घुसायचा नांगर नाही. घुसला तर गिऱ्हाईकाची हिरवळ उखडते आणि एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर फोन येतो. म्हणून ऑक्टोबरात, जमीन कडक व्हायच्या आधी, प्रत्येक ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना चमकपट्टीच्या काठ्या ठोकायच्या. बर्फ पडल्यावर कड कुठे, फुलझाडं कुठे, पाण्याचा नळ कुठे, ते फक्त काठ्याच सांगतात.

ढकललेला बर्फ ठेवायचा कुठे, हेही एक शास्त्र आहे. रस्त्यावर लोटायला कायद्याने बंदी. नवशिका पहिल्या बर्फाला ढीग कडेलाच लावतो. तो ढीग गोठून दगड होतो. पुढचा बर्फ त्याच्या अलीकडे, त्यापुढचा आणखी अलीकडे. जानेवारीपर्यंत बारा फुटांचा ड्राइव्हवे आठ फुटांवर येतो आणि पातं कुठे घालावं कळत नाही. पहिलाच बर्फ, कितीही थोडा असो, हिरवळीत लांबवर नेऊन टाकायचा. हे मला कोणी शिकवलं नाही. एका वर्षाच्या शिव्यांनी शिकवलं.

तर ती रात्र. गेल्या जानेवारीत, उणे पंधरा, पट्टा बरोबर हॅम्बर्गवर. पावणेचार वाजता एकतिसाव्या घराशी गराजच्या दाराला पातं लावून मी मागे ओढत होतो. दारापाशी ढकलता येत नाही. पातं दाराशी टेकवायचं आणि रिव्हर्समध्ये बर्फ बाहेर खेचायचा, मग वळून लोटायचा. ओढता ओढता पुढून "फट्" आवाज आला आणि हेडलाइटच्या उजेडात पांढऱ्या बर्फावर निळा डाग पसरायला लागला. हायड्रॉलिकचा होज, म्हणजे पातं हलवणाऱ्या तेलाची नळी, फुटला होता. तेल गेलं की पातं उचललं जात नाही, आणि पातं खाली असलं की ट्रक म्हणजे रस्त्यात नांगर टाकलेलं जहाज. ट्रकमध्ये जादा होज असतोच. होता. पण तो उचलणाऱ्या सिलिंडरचा आखूड. फुटला होता तो पातं वळवणाऱ्याचा लांब. लांब होज घ्यायचा घ्यायचा म्हणून राहिला होता.

हातमोजे घालून फिटिंगचे आटे लागत नाहीत, आणि काढले तर दोन मिनिटांत बोटं आपली राहत नाहीत. शेवटी साखळी घालून पातं गाडीला वर आवळलं, घरी आलो, पडवीत ठेवलेल्या जुन्या प्लाऊचा होज काढून बसवला, तेल भरलं, हवा काढली. अडीच तास गेले. परत निघालो तेव्हा सव्वासहा झाले होते.

अठ्ठेचाळिसावं घर एका नर्सबाईंचं. त्यांची शिफ्ट सातची. मी पोचलो आठ वाजून दहा मिनिटांनी. त्यांची गाडी ड्राइव्हवेच्या तोंडाशी आडवी, पोट बर्फावर टेकलेलं, चारही दिवे टिकटिक करत होते. गावाचा मोठा प्लाऊ रस्ता साफ करत जाताना कडेला एक वरंबा टाकून जातो. दिसायला बर्फ, पण आत बर्फ, मीठ, खडे सगळं दाबून झालेलं. त्यांनी तो गाडीनेच ओलांडायचा प्रयत्न केला होता. नर्सबाई शेजाऱ्याच्या गाडीतून कामाला गेल्या होत्या. मी फावड्याने पाऊण तास गाडीखालचा बर्फ उकरला, दिवे बंद केले, वरंबा काढला. दोन दिवसांनी निम्मे पैसे परत केले. त्यांनी घेतले, थँक यू म्हणाल्या. या वर्षी करार केला नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच हिशेब आहे: घरं साध्या रात्रीच्या मापाने घेतली, आणि नाव गेलं ते वाईट रात्री. चाळीस सत्ते दोनशे ऐंशी, म्हणजे चार तास चाळीस मिनिटं. पट्टा बसला तरी पहिल्या घरी परत येईपर्यंत नऊ-साडेनऊ इंच, तेवढं माझा ट्रक लोटतो. होज फुटला तरी सकाळ हातात राहते. म्हणून चाळीस.

कोणती बावीस सोडायची याला मात्र दोन रविवार लागले. तुम्हाला वाटेल कमी पैसे देणारी सोडली असतील. नाही. लांबची सोडली. हमरस्त्याच्या पलीकडची अकरा एका फटक्यात गेली, कारण तिथे जायला-यायलाच चाळीस मिनिटं, आणि पट्टा बऱ्याचदा तिथे वेगळाच. दोन खडीचे लांब ड्राइव्हवे सोडले. खडीवर पातं थोडं वर धरून चालवावं लागतं, नाहीतर वसंतात खडी हिरवळीतून वेचत बसायचं. एक गृहस्थ सोडले ते केवळ स्वभावामुळे, हे आपल्यातच ठेवा. बाकीची एका ओळखीच्या प्लाऊवाल्याला दिली. त्याच्याशी तोंडी ठरलंय की एकाचा ट्रक पडला तर दुसऱ्याने त्याची सातच्या आतली घरं आधी करायची. डिसेंबरात एकदा मी त्याची पाच केली. त्याला अजून माझी करावी लागलेली नाहीत.

"बर्फच पडला नाही तर?" हा तुमचा दुसरा प्रश्न. घरांचे पैसे सीझनचे असतात, अर्धे ऑक्टोबरात, अर्धे नाताळच्या आत. पडो न पडो. कोरड्या हिवाळ्यात ते वरच राहतात. उलट तीन ऑफिसांचे छोटे पार्किंग लॉट मी खेपेवर घेतलेत, जितक्या वेळा लोटलं तितके पैसे, मिठाचे वेगळे. ते जास्त बर्फाच्या वर्षी भरून काढतात. लॉटचं काम चांगलं पण डोक्याला ताप. कोणी घसरून पडलं की दावा, म्हणून विमा, आणि विम्यापायी वही: किती वाजता आलो, तापमान किती, किती मीठ टाकलं, फोटो. साधं मीठ उणे नऊ-दहाच्या खाली फारसं काम करत नाही. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड लागतं, ते महाग. हेच मीठ माझ्या ट्रकचा पत्रा खालून खातं, ते वेगळंच. दर आठवड्याला ट्रकचं पोट धुतो.

आई, तुझ्या काळजीचं आता. थंडीची भीती बाळगू नकोस, ट्रकमध्ये हीटर आहे आणि जाड कोटाने उलट घाम येतो. जपायचं ते दोन गोष्टींना. एक डुलकी. तिच्यासाठी दुपारी झोपतो, तुझ्या सुनेने पोरांना तशी ताकीद दिली आहे. दुसरं, ट्रक बर्फात रुतला आणि मागची धुराची नळी बुजली तर धूर आत येतो. त्या विषारी वायूला वास नसतो. म्हणून रुतलो की आधी खाली उतरून नळी मोकळी करायची, मग बाकीचं.

आणि वादळात मी जात नाही. डिसेंबर २०२२ मध्ये, नाताळच्या सुमाराला, बफेलोत ३७ तास सलग हिमवादळ होतं. ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमनच्या गाड्यासुद्धा अडकल्या. या काउंटीत चाळीसहून जास्त माणसं गेली. मी घरात बसून होतो. एकेका गिऱ्हाईकाला फोन करून सांगत होतो की येणार नाही, तुम्हीही निघू नका. सरोवर गोठलं की निर्धास्त, असंही समजू नका. २८ जानेवारी १९७७ ला ते पूर्ण गोठलेलं होतं. नवा बर्फ पडला तो फूटभरच. पण गोठलेल्या पाण्यावर आधीचा मोकळा बर्फ पडून होता, तो वाऱ्याने उचलून शहरावर आणून टाकला. इथले म्हातारे अजून त्याच वर्षापासून बाकीची वर्षं मोजतात.

फोनचं एक. इथले रात्री एक ते सकाळी आठ म्हणजे तुमच्याकडे सकाळी साडेअकरा ते संध्याकाळी साडेसहा. आई नेमकी दुपारी दोनला फोन करते आणि मी एका हाताने पातं उचलत दुसऱ्या हाताने तिला दाखवतो. परवा एक मेलबॉक्स त्यातच गेला. रात्री आठनंतर करा.

ताईला आशीर्वाद सांगा, म्हणजे नमस्कार. ती मोठी आहे हे मी विसरतो असं तीच म्हणते.

तुमचा
धाकटा

ता. क. सोडलेल्या बावीसांपैकी दोघांचे काल फोन आले होते, परत घेतोस का म्हणून. एकाला नाही म्हटलं. दुसऱ्याचं घर वाटेवरच आहे.