आईचा दगड आणि मागचे ब्रेक

पुणे,
रविवार, रात्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल रात्री सुखरूप पोचले. कुंभार्ली घाटात धुकं होतं, त्यामुळे एसटी सावकाश चढली. कराडला गाडी बदलली. आईने दिलेला डबा तिथेच संपवला.

बाबा, हे पत्र जास्त करून तुम्हाला आहे. सकाळी फोनवर तुम्ही "हो, ठीक" एवढंच बोललात आणि फोन आईकडे दिलात. गुरुवारी शेजारच्या खळ्यात आपल्या गाडीचे मागचे ब्रेक उघडताना, चार माणसांसमोर, मी तुम्हाला चढ्या आवाजात "घरी जाऊन बसा" म्हणाले. गाडी तुमची, पाने तुमचे, आणि खुर्चीवरून उठवलं तुम्हालाच. ते तुम्हाला लागलं आहे. चढ्या आवाजाबद्दल मला माफ करा. पण घरी का पाठवलं ते तेव्हा सांगायचं राहिलं, ते आता सांगते.

मागचे ब्रेक ड्रमचे. ड्रम ब्रेक डब्यासारखा बंद असतो, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबणारे दोन शू त्यात असतात. शू घासून जी पूड होते ती वर्षानुवर्षं आतच साठते, आणि ड्रम ओढला की सगळी एकदम बाहेर येते. आपली गाडी २००४ ची. एवढ्या जुन्या लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते नुसत्या डोळ्यांना ओळखू येत नाही. त्याचे बारीक तंतू श्वासातून आत गेले की फुप्फुसात राहतात, आणि त्यांचा त्रास कित्येक वर्षांनी वर येतो. गॅरेजमधली मुलं हवेच्या पाइपने ड्रम फुंकून काढतात ते पाहून मला अस्वस्थ व्हायला होतं. तुम्हाला दमा आहे आणि तुम्ही चाकापासून दोन हातांवर बसला होतात. मी मास्क लावून, साबणाच्या पाण्याचे फवारे मारत सगळं ओलं केलं, फडक्याने पुसलं, फडकी पिशवीत बांधून टाकली. तोवर तुम्ही तिथे नको होतात. एवढंच कारण होतं. तुम्हाला यातलं कळत नाही असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

आता दुसरी गोष्ट, जी मला पहिल्या दिवशी संध्याकाळी दिसली आणि रात्रभर झोप लागली नाही. तुम्ही बाजारातून आलात, फाटकाबाहेरच्या चढावर गाडी थांबवलीत, आणि आई पिशव्या खाली ठेवून जांभ्याचा तुकडा उचलून गाडीच्या मागे गेली. तुमचा पाय ब्रेकवर, आणि ती वाकून मागच्या चाकाला दगड लावते आहे. मी विचारलं तर म्हणाली, "अगं, दोन वर्षं असंच चाललंय, हँडब्रेक धरत नाही ना." दोन वर्षं! आई, तुझे गुडघे असे, आणि तू उतारावर आठ-नऊ मणांहून कितीतरी जड गाडीच्या मागे उभी राहतेस. बाबांचा पाय एकदा घसरला असता तर? मला हे दोघांपैकी एकानेही कळवलं नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच कामाला लागले. गाडी शेजाऱ्यांच्या खळ्यात नेली, कारण आपल्या उतारावर गाडी जॅकवर चढवणं मला मान्य नव्हतं. हँडब्रेक सोडून, गाडी गिअरमध्ये टाकून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, आणि वर उचलल्यावर खाली स्टँड दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही हे तुम्हीच शिकवलेलं.

डावा ड्रम सहजी निघेना. डस्ट कॅप, पिन, मोठा नट, सगळं निघालं, पण ड्रम जागचा हलेना. शू घासून घासून ड्रमच्या आत खाच पडते आणि कडेला काठ उरतो, त्या काठात शू अडकतात. केबल सैल केली, लाकडाचा ठोकळा धरून चहूबाजूंनी हलके ठोके दिले, तेव्हा अर्ध्या तासाने आला. आत काय होतं ते तुम्हाला पाहायला मिळालं नाही, म्हणून लिहिते. तळाशी चिखलाचा वाळलेला थर. २२ जुलै २०२१ चा पूर आठवतो ना, गाडी खालच्या रस्त्याला उभी होती आणि चाकं पूर्ण बुडाली होती. नंतर गॅरेजमध्ये सीट काढून धुतल्या, इंजिन तपासलं, ऑईल बदललं, पण मागचे ड्रम कोणी उघडलेच नाहीत. हँडब्रेकची केबल तिच्या नळीत गंजून जाम झाली होती. लिव्हर वर ओढला तरी ओढ चाकापर्यंत पोचतच नव्हती.

त्याहून वाईट म्हणजे व्हील सिलिंडर, पेडल दाबलं की ब्रेक ऑईलच्या दाबाने शू बाहेर ढकलतो तो. त्याचं रबरी टोपण नखाने उचललं तर आतून ब्रेक ऑईल ओघळलं. डावीकडचे दोन्ही शू त्याने भिजले होते. भिजलेलं लायनर पुसून, उन्हात ठेवून पुन्हा वापरता येत नाही, ते बदलावंच लागतं. उजवीकडे गळती नव्हती, पण पुढच्या बाजूच्या शूवर एक मिलिमीटरही लायनर उरलं नव्हतं. मागच्या बाजूचा शू मात्र बरा होता. गाडी पुढे जाताना फिरणारा ड्रम पुढच्या शूला आपल्याकडे ओढून घेतो, म्हणून तोच जास्त काम करतो आणि आधी झिजतो.

बाबा, इथे एक गोष्ट नीट वाचा. तुम्ही दर दोन-तीन महिन्यांनी ब्रेक ऑईलच्या डबीत थोडं ऑईल टाकत होतात. आईने मला स्वयंपाकघराच्या माळ्यावरची ती अर्धी बाटली दाखवली. ब्रेक ऑईल पेट्रोलसारखं संपत नाही. लायनर झिजलं की पातळी अगदी सावकाश खाली येते, पण पुन्हा पुन्हा टाकावं लागतंय याचा अर्थ ते कुठेतरी बाहेर जातंय. आणि झाकण उघडलेली बाटली चिपळूणच्या हवेत दोन वर्षं ठेवली तर ऑईल दमट हवा ओढून घेतं. डॉट ३ प्रतीचं कोरडं ब्रेक ऑईल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेलं १४० च्या आसपासच उकळू शकतं. घाट उतरताना ब्रेक तापले की त्यात वाफ धरते आणि पेडल पायाखाली खोल जातं. म्हणून ती बाटली मी घेऊन आले आहे. शोधू नका.

बाकी काम सरळ झालं. एका वेळी एकच बाजू उघडली, म्हणजे कोणती स्प्रिंग कुठे ते दुसऱ्या बाजूला बघता येतं. तरी आधी मोबाइलवर फोटो काढलेच. काढलेल्या वस्तू आईच्या जुन्या परातीत, ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने मांडल्या, तुम्ही मांडता तशा. दोन्ही बाजूंना नवे शू, नव्या स्प्रिंगा, दोन्हीकडे नवे सिलिंडर. ड्रमला भेगा नव्हत्या. आतला काठ लेथवर काढून आणला. केबल दुसऱ्या दिवशी बाजारातून मिळाली. शू जिथे पत्र्यावर घासतात तिथे ग्रीसचा अगदी पातळ हात दिला, लायनरला बोटही लागू दिलं नाही.

ऑईलच्या नळ्यांत शिरलेली हवा चाकाजवळच्या निपलमधून काढायला पेडलवर माणूस लागतं. तुम्हाला बोलवायला आई आली होती, तुम्ही झोपल्याचं सांगितलंत. मग आईच बसली. बाबा, तुम्ही बघायला हवं होतं. जन्मात ती त्या सीटवर बसली नव्हती. पदर खोचला, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट, आणि मी चाकाजवळून ओरडते आहे, "दाब… धरून ठेव… आता सोड." निपल बंद झाल्याशिवाय तिने एकदाही पाय उचलला नाही. पारदर्शक नळीतून बुडबुडे यायचे थांबले, पेडल टणक लागलं, तेव्हा तिने विचारलं, "आता दगड नको ना गं?"

हँडब्रेक आता पाचव्या-सहाव्या टक्‌ला धरतो. आपल्या चढावर दोनदा गाडी उभी करून पाहिली, तसूभरही हलली नाही. मात्र पहिले काही दिवस जोरात ब्रेक मारायची वेळ येऊ देऊ नका, शू ड्रममध्ये बसायला थोडं अंतर जावं लागतं. पहिल्या आठवड्यानंतर चाकाचे नट पान्याने एकदा तपासा. घाट उतरताना दुसरा गिअर, ब्रेकवर सतत पाय नको.

आणि पावसाळ्यात गाडी चार-चार दिवस हलत नाही तेव्हा हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओलाव्याने शू ड्रमला चिकटतात. गाडी अंगणातल्या सपाट जागेवर आणा, पहिल्या गिअरमध्ये टाका, इंजिन बंद करा, खाली उतरा, आणि मग चाकाला दगड तुम्ही स्वतः लावा. आईने चालू गाडीच्या मागे जायचं नाही. कधीच नाही. हे मी तुमच्याकडून शब्द म्हणून मागते आहे.

पुढच्या ब्रेकचे पॅड अर्ध्याहून थोडे जास्त शिल्लक आहेत. गणपतीत आले की ते उघडून बघायचे आहेत. मी आधी सगळं पाण्याने धुऊन घेईन, अर्धा तास तेवढा लांब बसा. मग पॅड धरणाऱ्या कॅलिपरची पिन मोकळी करायला तुम्ही हवेत, तो तुमचा आखूड दांड्याचा पाना मला कुठे सापडला नाही. मिळाला तर पेटीत वरच ठेवा.

दम्याचा पंप संपत आला असेल तर आईला फोनवर सांगायला सांगा.

तुमची,
ताई