क्योतोहून पत्र, पुढच्या वर्षी तुम्ही यायचंय म्हणून

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर काही धड बोलणं होत नाहीये. इकडे रात्रीचे दहा वाजले की तिकडे साडेसहा, म्हणजे आईची दिवाबत्ती आणि बाबांच्या बातम्या, त्यामुळे हॉटेलवर आल्यावर सरळ लिहायलाच बसले. मुद्द्याचं आधी सांगते, पुढच्या वर्षी तुम्ही दोघांनी जपानला यायचं. गुडघे, जेवण, भाषा ही तुमची तिन्ही कारणं मला पाठ आहेत, त्यांच्याकडे येतेच, पण आधी काय बघितलं ते ऐका.

आई, टोकियोत आसाकुसा म्हणून भाग आहे, तिथलं सेन्सोजी देऊळ सगळेच बघतात, तुफान गर्दी. आमच्या गाईड बाईंनी तिथे खरेदीला वेळ दिला आणि मी ती सोडून दहा-पंधरा मिनिटं चालत मात्सुचियामा शोदेनला गेले, तर तिथे कोण, आपला गणपती! कांगितेन म्हणतात त्याला. मूर्ती मात्र कुणालाच दाखवत नाहीत, बंदच असते कायम. आणि नैवेद्य काय माहितीये का, मुळा! चांगला हातभर लांब पांढरा मुळा, देवळातच विकत मिळतो, लोक घेतात आणि देवापुढे नेऊन ठेवतात, भिंतींवर कोरलंय तेही एकमेकांत गुंतलेले दोन मुळे आणि पैशाची थैली. मोदक नाही, दूर्वा नाही, तरी हात आपोआप जोडले गेले. छोटी टेकडी आहे पण ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी लिफ्टसारखी एक गाडी बसवलीय, ती बघून तूच आठवलीस.

मग क्योतोचं सांजूसांगेन्दो देऊळ. १२० मीटर लांब लाकडी हॉल आणि आत कान्नोनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्ती, एकामागे एक रांगा, माणसाएवढ्या उंच, सोन्याचा वर्ख दिलेल्या. १२४९ मध्ये आग लागली तेव्हा त्यातल्या १२४ बाहेर काढता आल्या, बाकीच्या नंतर घडवल्या आणि हा हॉल उभा राहिला १२६६ मध्ये. त्यात आपल्या माणसाचा चेहरा सापडतो म्हणे, आमच्या ग्रुपमधल्या एक काकू अर्धा तास शोधत होत्या आणि शेवटी सासूबाई सापडल्या म्हणाल्या. मला जास्त आवडले ते पुढच्या ओळीतले २८ रक्षक. इंद्र आहे, ब्रह्मा आहे, गरुड तर पंख-चोचीसकट उभा राहून बासरी वाजवतोय, आणि एक हाडं दिसणारे म्हातारे ऋषी काठी टेकत उभे आहेत, आपल्या कुठल्याही घाटावर बसवले तर कुणी वळूनही बघणार नाही. फोटो काढू देत नाहीत म्हणून एवढं लिहितेय.

नारा गावातल्या तोदाइजी देवळात ब्राँझचा बुद्ध आहे, साधारण १५ मीटर उंच. ७५२ मध्ये त्याचे डोळे रंगवायचा सोहळा झाला आणि तो मान होता बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूला. ब्रशला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या हातात धरल्या होत्या, म्हणजे डोळे सगळ्यांनी मिळून उघडले असं. गाईड बाई हे सांगताना आमच्याकडे बघून अशा हसल्या की जणू आम्हीच पाठवला होता त्याला. बाहेर हरणं मोकळी फिरतात, बिस्किटासाठी मान लववतात आणि नाही दिलं की मागून ढुशी मारतात, नागपूरच्या काकांचा अख्खा प्रोग्रामचा कागद एकीने खाल्ला. क्योतोतलं किंकाकुजी, ते सोन्याचं देऊळ, कॅलेंडरवर दिसतं तसंच दिसतं. १९५० मध्ये एका तरुण भिक्षूने जाळलं होतं, आताचं १९५५ चं आहे.

बाबा, तुमच्यासाठी क्योतोतलंच कियोमिझु देऊळ. डोंगराच्या कडेला लाकडी सज्जा, १३ मीटर उंच, १६३३ चा, आणि खालच्या सांगाड्यात एक खिळा नाही. खांबाला आरपार भोक, त्यातून आडवी तुळई आणि वर पाचर ठोकलेली, बस. सगळे वरून लाल मेपलचे फोटो काढत होते, तुम्ही असता तर खाली जाऊन खांबाखालीच उभे राहिला असता आणि आम्ही बसमध्ये वाट बघत बसलो असतो. पुढच्या दुरुस्त्यांना लाकूड लागेल म्हणून देवळाने आत्तापासून झाडं लावून ठेवलीत. आपल्या सोसायटीला रंगाचा फंड जमत नाही.

आता गुडघे. खोटं नाही सांगत, चालणं भरपूर आहे. कियोमिझुला बस खालीच थांबते आणि वर चांगला चढ आहे. म्हणून आमच्यासारखी धावती टूर तुमच्यासाठी नको, सकाळी बॅग बाहेर ठेवा, संध्याकाळी दुसरं गाव, ते नको. क्योतोत सलग चार-पाच रात्री असलेली, छोट्या ग्रुपची घ्यायची, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. बुटांना लेस नको, देवळात सतत काढा-घाला असतं. जेवणाचं म्हणाल तर आई, इथे साध्या सूपातही माशाचं पाणी असतं, त्यामुळे गाईड हवाच, ती आत जाऊन विचारून येते. देवळांतलं शोजिन र्‍योरी मात्र पूर्ण शाकाहारी, तोफू, भाज्या, भात, लोणची, तुला आवडेल, बाबा मिरची मागतील. आमच्या टूरवाल्यांनी रोज रात्री पनीर बटर मसाला खायला घालून वीट आणलाय, जपानला येऊन पनीर कसलं खायचं! भाषेचं टेन्शन गाईडला घेऊ द्या, कानात रेडिओ देतात, ती लांब असली तरी ऐकू येतं.

नोव्हेंबरचा शेवट धरा, थंडी आपल्या महाबळेश्वरपेक्षा जास्त, स्वेटरवर जाड कोट हवाच. चेरीच्या दिवसांत नको, भाव पण चढतात आणि गर्दीत गुडघ्यांचे हाल. बाबा, कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये दोघांचे पासपोर्ट आहेत, संपायची तारीख बघून मला आजच कळवा, पुढच्या वर्षी निघताना सहा महिन्यांपेक्षा कमी उरत असतील तर रिन्यूचा फॉर्म मी आल्यावर भरते. आईला विचारून नको, ती नाहीच म्हणेल.

तुमची,
छोटी