बाटलीवरची बारीक ओळ

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

कोरेगावात (जि. सातारा) माझं चष्म्याचं दुकान आहे, एकतीस वर्षं झाली. जवळचा नंबर काढताना आम्ही गिऱ्हाइकाच्या हातात एक कार्ड देतो. वरच्या ओळी ठसठशीत, खाली खाली अक्षर बारीक होत जातं. पण खेड्यातल्या माणसाचा त्या कार्डावर भरवसा नसतो. खिशात हात घालून तो स्वतःचं काहीतरी काढतो. एसटीचं तिकीट, खताची पावती, गोळ्यांची स्ट्रिप. ते दिसलं की म्हणतो, हां, आता नंबर बरोबर.

दिवाळीच्या आधी एकानं दारूची क्वार्टर काढली. अर्धी भरलेली, पायजम्याच्या खिशात होती. पन्नाशीचा शेतमजूर, चाळिशी लागलेली, चष्मा पहिलाच. दीडची भिंग लावली तशी त्यानं बाटली हातभर लांब धरली, मग जवळ आणली आणि एमआरपी वाचली. मग कंपनीचं नाव, ते तर त्याला पाठच होतं. मग बाटली फिरवून म्हणाला, "ह्ये बारीक काय हाय?" मी माझा चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचून दाखवलं. इंग्रजीत होतं. मराठीत सांगितलं, "मद्यपान आरोग्याला अपायकारक आहे. सुरक्षित राहा, दारू पिऊन गाडी चालवू नका."

"आवं मालक, आपल्याकडं गाडी कुठाय? सायकल हाय."

दुकानात बसलेले सगळे हसले, मीही हसलो. तो गेल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना. एवढ्या मोठ्या इशाऱ्यातलं या माणसापर्यंत काय पोचलं, तर गाडी. आणि गाडी त्याच्याकडे नाही, म्हणजे इशारा त्याच्यासाठी नाहीच.

म्हणून हा नियम आहे तरी काय ते शोधून वाचलं. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, 2018 मध्ये दारूसाठी वेगळी नियमावली केली. 1 एप्रिल 2019 पासून ती लागू झाली. त्यात हे वाक्य ठरवून दिलंय आणि अक्षराची उंचीही ठरवून दिलीय. 200 मिलिलिटरच्या वरच्या बाटलीला किमान 3 मिलिमीटर. 200 किंवा त्याखाली असेल तर दीड मिलिमीटर. आता आमच्याकडे कोण काय पितो ते सगळ्यांना माहीत आहे. ज्याला खंबा परवडतो त्याला 3 मिलिमीटर, आणि नाइन्टी नाहीतर क्वार्टर घेणाऱ्याला दीड. बाटली लहान म्हणून अक्षर लहान, हे कंपनीच्या सोयीचं झालं. पिणाऱ्याचा डोळा काही बाटलीबरोबर लहान होत नाही.

दीड मिलिमीटर म्हणजे केवढं, हे माझ्या धंद्यातलं आहे म्हणून सांगतो. आमच्या कार्डावर ती जवळजवळ तळाची ओळ. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला बिनचष्म्यानं ती वाचता येत नाही, आणि चष्मा देताना आम्ही जी ओळ वाचता आली की काम फत्ते समजतो, ती हीच. तीही पांढऱ्या कार्डावर काळी, वर ट्यूब लावलेली. इथं सोनेरी लेबलावर तपकिरी अक्षर, आणि वाचायची जागा म्हणजे पेट्रोलपंपामागचा अंधार.

भाषेचं त्याहून गमतीचं आहे. इशारा इंग्रजीत छापावा असं नियम म्हणतो. पण पुढं असंही म्हणतो, की एखाद्या राज्याची इच्छा असेल तर तो तिथल्या भाषेत छापायला मुभा आहे, इंग्रजीची पुनरुक्ती करायची गरज नाही. म्हणजे दिल्लीनं दार उघडं ठेवलंय, इच्छा फक्त आपल्या राज्याची हवी. आणि मराठीची इच्छा आपल्या राज्याला नाही असं कोण म्हणेल? 2022 साली दुकानांच्या पाट्यांचा कायदा बदलला. मराठी अक्षर दुसऱ्या कुठल्याही लिपीपेक्षा लहान नको, असं ठरलं. माझ्या पाटीवर 'ऑप्टिशियन' इंग्रजीत मोठं होतं. पेंटर बोलावून पाटी नवी करून घेतली आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, बरंच झालं. त्याच वेळी असंही ठरलं, की दारूच्या दुकानाला महापुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावं द्यायची नाहीत. तेही योग्य. पण दुकानाच्या पाटीपर्यंत गेलेली ही काळजी उंबरठा ओलांडून आतल्या बाटलीपर्यंत का गेली नाही?

कुणी म्हणेल, मराठीत मोठं छापलं म्हणून काय माणसं प्यायची थांबणार आहेत? सायकलवाला थांबणार नाही. मीही एवढा भोळा नाही. त्यासाठी दुसऱ्या एकाची गोष्ट सांगतो, ती जास्त महत्त्वाची आहे.

चार वर्षांपूर्वी एक गवंडी आला. वय सत्तेचाळीस. म्हणाला, ओळंबा दिसत नाही, विटेची रेघ वाकडी जातेय. ट्रायल फ्रेम चढवली आणि भिंगामागून भिंग बदलत गेलो. लांबचा तक्ता वरच्या दोन ओळींच्या पुढं सरकेना. मोतीबिंदू दिसत नव्हता. नंबरचा डोळा असला तर बारीक भोकातून पाहिल्यावर थोडं तरी साफ दिसतं, याला तसंही दिसेना. मी काउंटरवरचं लाल पेन उचलून टोपण दाखवलं, रंग कोणता विचारलं. तो म्हणाला, "विटंसारखा." टोपण लालभडक होतं. मी पैसे घेतले नाहीत आणि त्याला साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथं निदान झालं, की रोजची दारू, जोडीला तंबाखू आणि पोटात धड अन्न नाही, त्यानं डोळ्याची नस सुकत चालली आहे. दारू-तंबाखू सोडा, जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि इंजेक्शनं घ्या, वेळेत आलात तर काही नजर परत येते. त्यानं सोडली. पूर्वीइतकी नाही, पण कामापुरती नजर आली त्याची. पहिल्यांदा दाखवायला आला तेव्हा माझ्यावरच डाफरला, "दारूनं लिव्हर जातं म्हायती हाय. डोळा जातो ह्ये लिवलंय कुठं?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण कुठंच लिहिलेलं नाही. 'आरोग्यास अपायकारक' या शब्दांत डोळाही आला, लिव्हरही आलं आणि कॅन्सरही आला, म्हणजे एकही आला नाही. तंबाखूनं कॅन्सर होतो हे आज आमच्या बाजारात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. दारूनं होतो हे चांगल्या शिकलेल्याला विचारून बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1988 सालीच दारूला तंबाखूच्या पंगतीत, म्हणजे कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या पहिल्या गटात बसवलंय. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि बायकांमध्ये स्तन, इतक्या ठिकाणच्या कॅन्सरशी तिचा संबंध जोडलेला आहे. बाटलीवर यातला एक शब्द नाही.

तो शब्द छापला तर काय होतं, हे कॅनडाच्या वायव्य टोकाला युकॉन नावाचा प्रांत आहे तिथं करून पाहिलंय. व्हाइटहॉर्स गावच्या सरकारी दारूदुकानात नोव्हेंबर 2017 पासून बाटल्यांवर पिवळी, लाल काठाची ठळक चिठ्ठी चिकटवायला लागले. एका चिठ्ठीवर सरळ लिहिलेलं, दारूनं कॅन्सर होऊ शकतो. महिनाही धड झाला नाही, दारूवाल्या कंपन्यांचा दबाव आला आणि काम थांबलं. 2018 च्या एप्रिलमध्ये पुन्हा सुरू झालं ते कॅन्सरची चिठ्ठी वगळून, बाकीच्या चिठ्ठ्यांवर. तरी हिशेब केला तेव्हा चिठ्ठी लावलेल्या मालाची विक्री शेकडा सहा-सातनं घटलेली निघाली. आकडा काही फार मोठा नाही. मला त्यातलं दुसरंच लक्षात राहिलं. जाहिरातीचं गणित कोळून प्यायलेले हे लोक चिठ्ठीभर कागदाला घाबरले, त्यातही कॅन्सर या एका शब्दाला. आयर्लंडनंही 2023 मध्ये बाटलीवर यकृताचा आजार आणि कॅन्सर दोन्ही छापायचा नियम केला. 2026 च्या मे महिन्यात तो लागू व्हायचा होता, तो आता 2028 वर ढकललाय.

तेव्हा प्रश्न फक्त मराठीचा आणि अक्षराच्या उंचीचा नाही. ज्यांना अक्षरच येत नाही त्यांचं काय? इथं मला आमच्या मंडळींच्या माहेरची गोष्ट आठवते. गावात बाटलीचं मतदान लागलं होतं. आपल्या राज्यात दारूचं दुकान बंद करायचं की नाही हे बायका मतानं ठरवू शकतात, आणि मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली म्हणजे दुकान चालू आणि आडवी बाटली म्हणजे बंद. माझी सासू अंगठेबहाद्दर. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्याचा चष्मा मीच दिलेला, तोही ती घरी विसरून आली. आत जाऊन शिक्का मारून आली आणि बाहेर पडताना म्हणाली, "आडवी केली बया!" तिला काही वाचून दाखवावं लागलं नाही. मतदान मात्र हरलं. नुसत्या आलेल्या बायकांत जास्त मतं पडून भागत नाही, यादीतल्या एकूण बायकांत निम्म्याहून जास्तींनी आडवी करावी लागते, आणि यादीतल्या कितीतरी जणी मुंबईला नांदत होत्या. तो वेगळा विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

सांगायचं ते एवढंच, की दारूबद्दल खेड्यातल्या म्हातारीला काही विचारायचं तर चित्र लागतं, हे याच राज्यानं ओळखलेलं होतं. मतपत्रिकेवर चित्र आलं. सिगारेटच्या आणि तंबाखूच्या पाकिटावर 1 एप्रिल 2016 पासून 85 टक्के जागेत चित्र आणि इशारा आहे. बाटलीवर मात्र दीड मिलिमीटरचं इंग्रजी.

चित्रही विचार करून निवडायला हवं. 2009 मध्ये तंबाखूच्या पुडीवर पहिल्यांदा विंचू छापला होता. आमच्याकडे काही जणांना तो छापच वाटला. एकजण टपरीवर 'विंचू द्या' म्हणून मागताना मी या कानांनी ऐकलंय! पुढं सडलेल्या तोंडाचं चित्र आलं तेव्हा तसं कुणी मागितलं नाही. पुडी उलटी करून खिशात ठेवायला लागले. उलटी ठेवली, म्हणजे बघितलं होतं.

आणखी एक गोष्ट शहरातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. क्वार्टर रिकामी झाली की तिचं आयुष्य संपत नाही. आमच्याकडे ती धुऊन घरात येते. तिच्यात खोबरेल तेल असतं, गावठी मध असतो, फिनेल असतं. लेबल बरेच दिवस तसंच राहतं. पिणाऱ्यानं बाटली अंधारात पाच मिनिटं हातात धरलेली असते. बायको आणि पोरं ती वर्षभर उजेडात हाताळतात. शाळेतल्या पोरीनं वेणीला तेल लावताना वाचावं असं तिथं काहीतरी मराठीत असायला हवं. सायकलवाला सोडणार नाही हे मान्य. त्याच्या पोरानं अजून धरलेली नाही.

दारूवरचा कर किती वाढवायचा, दुकानं किती ठेवायची, हे मोठे प्रश्न आहेत आणि त्यात महसुलाचं गणित आहे. इशारा मराठीत करायला तिजोरीतून एक पैसा जायचा नाही, इच्छा तेवढी कळवायची आहे. चित्र, अक्षराचा आकार आणि आजाराचं नाव यासाठी दिल्लीला कळवावं लागेल, तेही पत्रानं होण्यासारखं आहे.

सायकलवाल्याचा चष्मा तयार होऊन पडलाय, अजून न्यायला आलेला नाही. तशीच एक रिकामी क्वार्टर मी आता काउंटरवर कार्डाशेजारी ठेवली आहे. परवा कॉलेजातल्या एका पोराला वाचायला दिली. घडाघडा वाचली त्यानं. अर्थ काय विचारल्यावर म्हणाला, "पिऊन गाडी चालवायची नाही, काका. मित्राला चालवायला द्यायची."

अक्षराची उंची पुन्हा ठरवायला कुणी बसणार असेल, तर माझ्याकडचं जवळचं कार्ड पोस्टानं पाठवायची माझी तयारी आहे. हातभर अंतरावर धरायचं आणि चष्मा काढून बघायचं. जी ओळ दिसेल ती छापावी.

आपला,
एक चष्मेवाला, कोरेगाव (जि. सातारा)