रोपाच्या अंगातले बुरशीनाशक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खरीप तोंडावर आला की भाताच्या रोपवाटिकेविषयीचे लेख बियाणे आणि फवारणी यांपलीकडे फारसे जात नाहीत. भाताचे रोप स्वतःही बुरशीनाशके तयार करते, हे मावळ-मुळशी-भोरच्या शेतकऱ्यापर्यंत पोचायला हवे. रोपवाटिकेत तुसाची राख का मोलाची, ते त्यातून कळते.

करपा हा भाताचा बुरशीजन्य रोग. त्याचा बीजाणू ओल्या पानावर रुजतो, काळ्या भिंतीची गाठ धरतो आणि मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या तीस-चाळीस पट दाबाने पानाची साल भेदतो. ट्रायसायक्लॅझोल हे फवारणीचे बुरशीनाशक ही काळी भिंतच होऊ देत नाही, म्हणून ते बुरशी आत शिरण्याआधीच पानावर असावे लागते. बुरशी आत शिरली की झुंज रोपाची. पान मोमिलॅक्टोन, फायटोकॅसेन, सॅकुरानेटिन ही स्वतःची बुरशीनाशके बनवू लागते. निरोगी पानात ही द्रव्ये नगण्य असतात. ती वेळेत बनली, तर टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी ठिपका पडतो आणि बुरशी तिथेच अडते. उशीर झाला, तर डोळ्याच्या आकाराचा, मध्ये राखाडी डाग होतो आणि त्यातून हजारो बीजाणू उडतात. आंबेमोहरासारख्या वाणात हा उशीर नेहमीचाच.

रोप हिरवेगार दिसावे म्हणून जादा युरिया टाकला, की पान लुसलुशीत होते आणि करप्याचे फावते. पेरणीनंतर पंधरा दिवसांनी गुंठ्याला 1 किलो पुरे. उलट सिलिका मिळालेल्या रोपांची साल टणक होते, आणि करपा आल्यावर त्यांच्या पानात मोमिलॅक्टोनही जास्त बनते. भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची सिलिकायुक्त राख मिसळतात, ती यासाठीही मोलाची. राख काळीच हवी. प्रखर आचेत पांढरी झालेल्या राखेतली सिलिका मुळांना सहज मिळत नाही.

बियाण्यातून येणारी बुरशी मात्र राखेने जात नाही. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून बी बुडवावे, तरंगणारे काढून टाकावे, तळचे दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवावे आणि मग थायरम हे बुरशीनाशक चोळावे. धुण्यात कसूर झाली तर मिठाने उगवण मार खाते.

राख पेरणीआधीच मातीत जायला हवी. जूनमध्ये छापलेली माहिती त्या हंगामाला उपयोगी पडत नाही. आपल्या शेती पुरवणीत हा विषय मेच्या पहिल्या पंधरवड्यात यावा, ही विनंती.

– भातरोगांचे अभ्यासक, पुणे