दुखणं अंगावर काढू नकोस

डिचोली

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

परवा वहिनींचा फोन आला. तुझं ब्लडप्रेशर १६०-१०० निघालं आणि ‘न्यू इयरचा बंदोबस्त उरकला की बघू’ म्हणालास म्हणे. अरे, त्यानंतर कार्निव्हल, मग शिगमो, मधे कुणीतरी व्हीव्हीआयपी. गोव्यात बंदोबस्त संपतो कधी? २०२४ मध्ये जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाला दीड महिना राबलास, त्यातच न्यू इयर. तुझी झोप तेव्हापासूनच मोडली, असं मला वाटतं.

चवथीला पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक दिसलं मला. आरतीत उभा होतास, पण मोबाइल थरथरला की हात आधी खिशाकडे. धाकटा मोठ्याने ओरडला तर दचकलास, वर त्याच्यावरच खेकसलास. तू असा नव्हतास रे.

सतत ताणात राहिलं की अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ओसरतच नाहीत. ठोके वाढलेले, रक्तात साखर वाढलेली, पोटावर चरबी. झोपेत एरवी रक्तदाब खाली येतो, पण रात्रपाळी आणि तुटक झोप यात हृदयाला तेवढाही विसावा मिळत नाही. आणि उभ्या उभ्या खाल्लेला वडापाव हे काय जेवण झालं?

यात तुझा कमकुवतपणा नाही, हे मनावर घे. १८६१ च्या पोलीस कायद्याचं २२ वं कलमच पोलीस सदैव ड्युटीवर असल्याचं मानतं. २०१९ च्या एका देशव्यापी पाहणीत पोलिसांची ड्युटी दिवसाला सरासरी १४ तास भरली. मुंबईत २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू करून पाहिली, म्हणजे मनात आणलं तर जमतं. ते वरिष्ठांनी सगळीकडे करायलाच हवं. पण तोवर तुझं हृदय थांबून राहणार नाही.

गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही, ही तुझी भीती कळते मला. पण लकवा झाला तर काय सुटतं, ते तूच सांग. बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात जाऊ. झोपेचं आणि चिडचिडीचं आयपीएचबी या मानसोपचार संस्थेतल्या डॉक्टरांशीही बोल. लोक नाकं मुरडतील, मुरडू देत. आधी फोनवरच बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत.

सोमवारी तुझी सुट्टी आहे, वहिनींनी सांगितलं. मी सकाळी सातला गाडी घेऊन येतो. जुने रिपोर्ट काढून ठेव आणि चहासुद्धा घेऊ नकोस, उपाशीपोटी शुगर तपासायची आहे.

तुझा,
विश्राम