दादा, रॉक ग्रंजनं नाही मारलं

सिएटल

प्रिय दादा,

परवा फोनवर तू म्हणालास की ग्रंजनं, म्हणजे नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या या सिएटल शहरातून आलेल्या त्या खरखरीत रॉकनं, रॉकची पार वाट लावली, आणि मी काही बोलायच्या आत आईनं फोन घेतला, मग तिचं बीपी, बाबांचा गुडघा, विषय राहिलाच. म्हणून आता सगळं लिहूनच काढते, कारण हे दोन वाक्यांत उरकण्यासारखं नाहीये.

तुझा राग मला कळतो. तू गिटार शिकलास ती गन्स अँड रोझेस आणि व्हॅन हेलन ऐकून, एकेका सोलोसाठी कॅसेट मागे-पुढे करत, आणि मग केबलवर एमटीव्हीत अचानक चेक्सचे शर्ट घातलेली, केस न विंचरलेली मुलं दिसायला लागली ज्यांना वाजवायची हौसच नाही असं तुला वाटलं. पण तो काळ नीट आठव. १९९०-९१ मध्ये हेअर मेटल, म्हणजे फुगवलेल्या केसांचं ते झगमगीत रॉक, आधीच दमलेलं होतं, प्रत्येक कंपनीकडे तसाच एक बँड, तसेच केस, अल्बमवर एक सक्तीचं हळवं गाणं. मे १९९१ पासून बिलबोर्डनं दुकानातल्या बारकोडवरून विक्री मोजायला सुरुवात केली, त्याआधी दुकानदार फोनवर सांगायचे तोच आकडा. म्हणजे लोक खरंच काय विकत घेतात ते पहिल्यांदा कळायला लागलं आणि नेमकं त्याच वर्षी २४ सप्टेंबरला निर्वाणा या सिएटलकडच्या बँडचा नेव्हरमाइंड हा अल्बम आला. कंपनीनं सुरुवातीला अमेरिकेत जेमतेम ४६ हजार कॉप्या पाठवल्या होत्या, त्यांनाही फार आशा नव्हती, आणि जानेवारी १९९२ मध्ये त्यानं मायकल जॅक्सनला खाली ढकलून पहिला नंबर घेतला. हे वरून कोणी लादलेलं नव्हतं रे, लोकांनीच उचलून धरलं.

आणि ज्यांच्यात दम होता ते कुठे संपले? मेटालिकाचा काळा अल्बम त्याच ऑगस्टमधला, गन्सचे दोन्ही यूज युवर इल्यूजन त्याच सप्टेंबरमधले, एरोस्मिथ तर १९९३ मध्ये पहिल्या नंबरवर होते. गेले ते बहुतेक कॉपी करणारे.

सोलो गेले म्हणतोस तेही मला पटत नाही. निर्वाणाचा गायक-गिटारिस्ट कर्ट कोबेन, त्याला सोलोत रस नव्हता हे खरं. पण ग्रंजमधल्याच पर्ल जॅम बँडचा गिटारिस्ट माइक मॅकक्रेडी जिमी हेंड्रिक्सच्या वळणाचे लांबलचक सोलो वाजवतो, ॲलिस इन चेन्सच्या जेरी कँट्रेलचे सोलो तर गाण्यासारखे गुणगुणता येतात, आणि साउंडगार्डनचा किम थायिल, ज्याचे आईवडील केरळमधले, तो असल्या विचित्र मात्रांमध्ये रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, वाजवायचा की त्यांची कितीतरी गाणी सात मात्रांत बसतात, आपल्या रूपकासारखी. तू तबला शिकला आहेस, हातानं ताल धरून ऐक एकदा, कुठे बोअर होतंय का बघ.

मला सगळ्यात जास्त काय भिडतं सांगू, हे लोक दार उघडून एकटेच आत गेले नाहीत. नेव्हरमाइंडनंतर मेल्विन्ससारख्या बँडला मोठ्या कंपनीनं घेतलं, जे एरवी शक्यच नव्हतं. एमटीव्हीच्या अनप्लग्ड कार्यक्रमात, नोव्हेंबर १९९३ मध्ये, सगळ्यांना हिट गाणी हवी असताना कर्टनं मीट पपेट्स या बँडमधल्या दोघा भावांना स्टेजवर बोलावलं आणि त्यांची तीन गाणी गायली. बोस्नियातल्या युद्धात अत्याचार झालेल्या बायकांसाठी निर्वाणानं शो केला. पर्ल जॅमनं तर यशाच्या शिखरावर व्हिडिओ बनवणं बंद केलं, आणि १९९४ मध्ये तिकिटांच्या किमतीवरून टिकिटमास्टर या तिकीट विकणाऱ्या कंपनीविरुद्ध सरकारकडे तक्रार केली, त्यांचे दोघे जण अमेरिकन संसदेच्या समितीपुढे जाऊन बोलले. हरले शेवटी, पुढच्या वर्षी ती चौकशी बंद झाली. पण आज तिकीट काढताना वरच्या चार्जेसवर जगभर लोक चिडतात ना, तेव्हा एवढ्या मोठ्या बँडपैकी कोणी उघड भांडलं असेल तर हेच.

मग नुकसान कुठे झालं? झालं, हे मी मान्य करते, पण पुढे. नेव्हरमाइंड चालल्यावर कंपन्यांचे लोक विमानानं इथे सिएटलला येऊन बँड शोधायला लागले आणि इथले संपल्यावर तसा आवाज कुठेही मिळेल तिथून घेतला. खर्जातला घोगरा गळा, दुःख, मोठा कोरस, एवढंच उचललं. साउंडगार्डनमधला जुन्या ब्लॅक सॅबथ बँडचा जड बाज, मडहनी बँडमधलं पंक, मेल्विन्सचा तो संथ जडपणा, हे कोणी उचललं नाही कारण ते रेडिओवर अवघड. त्यात १९९६ चा टेलिकॉम कायदा आला. आधी एका कंपनीला देशभरात फक्त चाळीस रेडिओ स्टेशनं घेता यायची, ती मर्यादा उठली आणि क्लिअर चॅनल या एकाच कंपनीकडे काही वर्षांत बाराशेच्या वर स्टेशनं गेली. आता विचार कर, एका ऑफिसात बसून शेकडो शहरांची गाणी ठरवायची तर माणूस सगळ्यात कमी धोक्याचं तेच लावणार. क्रीड, निकलबॅक हे बँड त्या रेडिओवर वाढले, आणि २००० च्या सुमारास तू जे ऐकून वैतागलास ते हे, ग्रंज नव्हे.

एक मात्र तुझं बरोबर आहे, आनंद कमी झाला. ऐंशीच्या दशकातल्या रॉकमध्ये मजा करणं हा गुन्हा नव्हता, ग्रंजनंतर बरीच वर्षं मेनस्ट्रीम रॉकमध्ये हसणारा माणूस म्हणजे बनावट असं ठरून गेलं. तो तोटा खरा आहे आणि मलाही खटकतो.

पण ग्रंजनं सगळ्यात जास्त किंमत घेतली ती स्वतःच्याच माणसांची. मदर लव्ह बोनचा गायक अँड्रू वुड १९९० मध्ये गेला, कर्ट १९९४ मध्ये, ॲलिस इन चेन्सचा गायक लेन स्टेली २००२ मध्ये, साउंडगार्डनचा गायक क्रिस कॉर्नेल २०१७ मध्ये. इथे तलावाकाठी कर्टच्या घराशेजारी छोटासा पार्क आहे, विरेटा पार्क, तिथल्या बाकावर लोक अजून काहीबाही लिहून जातात, फुलं ठेवतात. मी गेले तेव्हा मला त्यांच्या विक्रीचा एकही आकडा आठवला नाही, फक्त इतकंच वाटलं की हे लोक खोटं बोलत नव्हते. आणि ज्या गाण्यात माणूस खोटं बोलत नाही ते गाणं रॉकचं नुकसान कसं करेल रे?

तर आता गृहपाठ. आधी साउंडगार्डनचा सुपरअननोन, मग ॲलिस इन चेन्सचा डर्ट, मग निर्वाणाचा ब्लीच, जो जेमतेम सहाशे डॉलरमध्ये रेकॉर्ड झाला आणि तो आकडा त्यांनी कव्हरवर छापलाय. मोबाईलच्या स्पीकरवर नको, बाबांच्या जुन्या डेकवर लाव. आणि मग फोनवर भांड, पण आईकडून फोन घेऊन बाहेर गॅलरीत जा.

बाबांना सांग गुडघ्याचा एक्सरे आता पुढे ढकलू नका म्हणून. वहिनीला आणि चिमणीला खूप खूप प्रेम.

तुझी,
मनू